विंडोज ११ केल्यावर वायफाय गेलं? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला आणि तेव्हापासून सोलापुरात जो तो लॅपटॉप ११ वर नेतोय. कुणी स्वतः अपडेटचं बटण दाबतं, कुणी नव्या पेठेतून करून आणतं, कुणाचा भाचा पेनड्राइव्ह घेऊन येतो. त्यातले बरेच लॅपटॉप पुढच्या आठवड्यात एकाच तक्रारीने माझ्या टेबलावर येतात: "सगळं मस्त चालतंय, फक्त वायफाय नाही. अण्णा, फॉरमॅट मारून टाका की."

फॉरमॅट मारून हे बहुतेक वेळा सुटत नाही. बिघाड असतो वायफाय कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये (म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये), एखाद्या उरलेल्या सेटिंगमध्ये नाहीतर राउटरमध्ये. फॉरमॅटनंतर विंडोज तोच ड्रायव्हर परत आणून बसवतं आणि तुमचे फोटो, टॅलीचा डेटा, पोरांचे प्रोजेक्ट मात्र गेलेले असतात. म्हणून आधी नेमकं काय होतंय ते ओळखा. "वायफाय चालत नाही" या एका वाक्यात सहा वेगवेगळे आजार असतात.

लक्षणं

१) वायफायचं चिन्हच गायब. खाली उजव्या कोपऱ्यात पृथ्वीच्या गोळ्यासारखं चिन्ह दिसतं. त्यावर क्लिक केलं तर वायफायचा चौकोन नाही, फक्त एअरप्लेन मोड.

२) शेजारपाजारच्यांची नेटवर्कं दिसतात, आपलंच दिसत नाही. किंवा, राउटर दोन बँडवर (लहरींच्या पट्ट्यांवर) चालत असेल तर, आपलं २.४ गिगाहर्ट्‌झचं दिसतं, पण ५ गिगाहर्ट्‌झचं नाही.

३) आपलं दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, तरी "कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क".

४) कनेक्टेड दाखवतं, पण "नो इंटरनेट".

५) चालतं, पण झाकण मिटून उघडलं की जातं. किंवा मधेमधे तुटतं आणि आपोआप परत जोडलं जातं.

६) राउटरच्या शेजारी बसलं तर झकास, दुसऱ्या खोलीत गेलं की शून्य.

तुमचं कुठलं ते ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक तपासणी कोणत्या प्रकारासाठी आहे ते सांगतो. सगळं सगळ्यांनी करायची गरज नाही.

आधी नेटची तात्पुरती सोय

वायफाय दुरुस्त करायला ड्रायव्हर हवा, ड्रायव्हर उतरवायला नेट हवं, आणि नेट तर बंद. यातून सुटायला फोन आणि चार्जिंगची केबल पुरते. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा, फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये "यूएसबी टेदरिंग" चालू करा. काही सेकंदांत लॅपटॉपला नेट मिळतं. केबल मात्र डेटावाली हवी. स्वस्तातल्या काही केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात. त्यांनी टेदरिंगचं बटण करडंच राहतं.

फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोन केबलमधून तेच वायफाय लॅपटॉपला देतात, मोबाइल डेटा खर्च होत नाही. मोबाइल डेटाच वापरावा लागणार असेल तर विंडोजमध्ये त्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन "मीटर्ड कनेक्शन" चालू करा. नाहीतर विंडोज अपडेट मागच्या दाराने दिवसाचा दीड जीबी दहा मिनिटांत संपवतं आणि ड्रायव्हर अर्ध्यात अडकतो.

दोष लॅपटॉपचा आहे का?

ही तपासणी फुकट आहे आणि नेमकी हीच कुणी करत नाही. अपग्रेडनंतर बिघडलं म्हणजे अपग्रेडमुळेच बिघडलं, असं सगळे धरून चालतात. त्याच दिवशी नेटवाल्याची फायबर कुठे तुटली असेल, तर तो दोष विंडोज ११ च्या नावावर जमा होतो.

दोन उलटसुलट प्रयोग करा. पहिला: फोन घरच्या वायफायला जोडा आणि फोनचा मोबाइल डेटा बंद करा. हे विसरू नका. वायफायवर नेट नसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि तुम्हाला वाटतं राउटर ठीक आहे. डेटा बंद करून यूट्यूब उघडलं तर राउटर खरंच ठीक. दुसरा: लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडून बघा.

लॅपटॉप हॉटस्पॉटवर चालतो आणि घरच्या वायफायवर नाही? मग कार्ड जिवंत आहे, ड्रायव्हरही काम करतोय. भांडण त्या राउटरशी आहे. दोन्हीवर चालत नाही? लॅपटॉपमध्येच शोधा. फोनही वायफायवर चालत नाही? लॅपटॉप मिटा आणि नेटवाल्याला फोन लावा.

जुन्या लॅपटॉपला नव्या फोनचा हॉटस्पॉट दिसतच नसेल तर फोनमध्ये हॉटस्पॉटचा बँड २.४ गिगाहर्ट्‌झ आणि सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ (वायफायच्या कुलपाचा एक प्रकार) करून परत बघा. कितीतरी जुनी कार्डं ५ गिगाहर्ट्‌झ मुळात पकडतच नाहीत, त्यात अपग्रेडचा काही संबंध नाही. दुसऱ्या प्रकारातल्या बऱ्याच जणांची चौकशी इथेच संपते: आधी पण ते नेटवर्क दिसत नव्हतं, फक्त कुणी लक्ष दिलं नव्हतं.

बटणं

प्रकार १ साठी. एअरप्लेन मोड बंद आहे ना? कीबोर्डच्या वरच्या रांगेत विमानाचं किंवा मनोऱ्याचं चिन्ह असलेलं बटण असतं; काही मॉडेलवर ते एफएन धरून दाबावं लागतं. पंधरा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपांना पुढच्या कडेला किंवा बाजूला सरकवायचा खटका असायचा, तोही बघा. अपग्रेडनंतर या बटणांचं वेगळं सॉफ्टवेअर कधीकधी निघून जातं आणि वायफाय "बंद" अवस्थेत अडकून बसतं. अशा वेळी लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा "हॉटकी" किंवा "वायरलेस बटण" नावाचा ड्रायव्हर टाकला की काम होतं.

शटडाउन म्हणजे शटडाउन नव्हे

प्रकार १, ३, ५. "दहा वेळा बंद-चालू केलं" असं लोक सांगतात. पण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन केल्यावर मशीन पूर्ण बंद होत नाही. विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरांची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच उठतो. "रीस्टार्ट" मात्र खरंच सगळं नव्याने सुरू करतो. म्हणून रीस्टार्ट करा, किंवा शिफ्ट धरून शटडाउनवर क्लिक करा.

त्याने भागलं नाही तर वीज पूर्ण काढा. शिफ्ट धरून शटडाउन, चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून ठेवा. मग फक्त चार्जर लावून चालू करा. वायफाय कार्डाला थोडीफार वीज सतत मिळत असते, त्यामुळे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर एकदा अडकलं की नुसत्या रीस्टार्टने सुटेलच असं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली मशीनच्या सगळ्या भागांची यादी; स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक केलं की सापडते) "कोड १०" दाखवणारी कितीतरी कार्डं मी एवढ्यावरच उठलेली बघितली आहेत. यासाठी दुकानात पैसे देऊ नका.

याने वायफाय परत आलं, पण दोनचार दिवसांनी पुन्हा गेलं, तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू" उघडून फास्ट स्टार्टअपची खूण काढा. मशीन चालू व्हायला थोडा जास्त वेळ घेईल. एसएसडी (नवी वेगवान डिस्क) असेल तर ते कळणारही नाही.

नेटवर्क विसरायला लावा

प्रकार ३ साठी. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मॅनेज नोन नेटवर्क्स. आपल्या नेटवर्कसमोर "फर्गेट", मग नव्याने पासवर्ड टाका. अपग्रेडमध्ये जुनं प्रोफाइल जसंच्या तसं उचललं जातं, आणि राउटरची सिक्युरिटी मधल्या काळात बदललेली असेल तर ते जुळत नाही.

तरी नाही? राउटरकडे चला. मुख्य सिक्युरिटी कोणती ते बघा. दोन टोकांना दोन वेगळे त्रास आहेत. राउटर खूप जुना असेल तर त्यावर डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी ही जुनी, कच्ची कुलपं असतात; २०१९ पासूनच विंडोज अशा नेटवर्कला "असुरक्षित" म्हणून खूण करतं आणि नव्या आवृत्त्या त्याबाबत आणखी कडक होत गेल्या आहेत. उलट राउटर नवा आणि लॅपटॉपचं कार्ड जुनं असेल तर डब्ल्यूपीए३ किंवा डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ असं मिश्र सेटिंग जुन्या ड्रायव्हरला झेपत नाही. दोन्हींवर औषध एकच: डब्ल्यूपीए२, एईएस. राउटरच्या पानावर (बहुतेक १९२.१६८.१.१, नसेल तर राउटरखालच्या स्टिकरवर असतं) जाऊन ते निवडा.

तिथेच असताना २.४ गिगाहर्ट्‌झचा चॅनेलही बघा. भारतात १ ते १३ चॅनेल वापरता येतात, पण काही कार्डं अमेरिकेच्या हिशेबाने ११ पर्यंतच ऐकतात. ड्रायव्हर बदलला की हा देशाचा हिशेबही बदलू शकतो. राउटर "ऑटो"वर असून तो १२ किंवा १३ वर गेला तर फोनला दिसतो, लॅपटॉपला नाही. प्रकार २ ची ही खास खोड आहे. १, ६ किंवा ११ पक्का करा, संपलं.

एक धोक्याची सूचना: फायबरच्या डब्यामागे जे बारीक भोक असतं त्यात टाचणी घालू नका. "रीसेट"ने त्यातलं तुमच्या नेटवाल्याचं युजरनेम आणि पासवर्ड पुसलं जातं. मग लॅपटॉपचंच काय, फोन आणि टीव्हीचंही नेट जातं आणि नेटवाल्याचा माणूस येईपर्यंत, तेही रविवार असला तर, घरातल्यांचं ऐकून घ्यावं लागतं. डबा बंद-चालू करायचा असेल तर वीज काढून अर्ध्या मिनिटाने लावा, एवढंच.

कनेक्टेड, पण नेट नाही

प्रकार ४ साठी. सगळ्यात आधी घड्याळ. तारीख-वेळ चुकीची असेल तर सुरक्षित साइट उघडत नाहीत. जुन्या लॅपटॉपमधला बटणसेल संपला की वीज पूर्ण काढल्यावर घड्याळ मागे जातं, आणि वरचा वीज काढायचा उपाय तुम्ही नुकताच केलेला असू शकतो. म्हणून बघा.

आता चिन्हावर विश्वास ठेवू नका, ब्राउझर उघडून बघा. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरची एक छोटी मजकुराची फाइल मागवतं; ती आली तर "इंटरनेट आहे" म्हणतं, नाही आली तर "नो इंटरनेट". एखादा अँटिव्हायरस किंवा व्हीपीएन ती फाइल अडवत असेल तर नेट व्यवस्थित चालू असूनही गोळा दिसतो.

खरंच नेट नसेल तर जुना अँटिव्हायरस आणि जुना व्हीपीएन हे पहिले संशयित. हे दोघेही नेटवर्कच्या रस्त्यात स्वतःचं फाटक बसवतात. अपग्रेडमध्ये ते फाटक अर्धवट राहतं: उघडणारा माणूस गेलेला, दांडी तशीच आडवी. नुसतं "डिसेबल" करून उपयोग नाही, काढूनच टाका, रीस्टार्ट करा, बघा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. लायसन्स की आधी लिहून ठेवा म्हणजे नवी आवृत्ती परत टाकता येईल.

मग आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा लॅपटॉपचा पत्ता. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये "आयपी असाइनमेंट" आणि "डीएनएस सर्व्हर असाइनमेंट" दोन्ही ऑटोमॅटिक आहेत का? कुणीतरी कधीतरी हाताने टाकलेले आकडे तिथे राहिलेले असतात. घरी असाल तर ऑटोमॅटिक करा. दुकानात किंवा ऑफिसात असाल तर हात लावू नका, आधी त्या आकड्यांचा फोटो काढा. कारण पुढे येतंय.

झाकण मिटलं की जातं

प्रकार ५. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्स उघडा, वायफाय कार्डावर डबल क्लिक, पॉवर मॅनेजमेंटचं पान, आणि "अलाउ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर" याची खूण काढा. विंडोज झोपताना कार्डाची वीज काढतं आणि उठल्यावर ते कार्ड उठत नाही. खूण काढली की वीज काढणं थांबतं. आधी काढलेली असेल तरी परत बघा, अपग्रेडनंतर किंवा नवा ड्रायव्हर आल्यावर ती खूण पुन्हा लागलेली सापडते. नव्या काही लॅपटॉपांवर हे पानच नसतं, तिथे ड्रायव्हरकडेच जावं लागतं.

ड्रायव्हर: खरा गुन्हेगार बहुतेक इथेच

इथे जरा थांबून, शांतपणे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये चारपैकी एक चित्र दिसेल.

कार्ड नीट दिसतंय, नावासकट. मग विंडोजने बहुधा तुमच्या लॅपटॉप कंपनीचा ड्रायव्हर काढून स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसवलाय. डबल क्लिक, ड्रायव्हरचं पान, "रोल बॅक ड्रायव्हर". बटण करडं असेल तर "अपडेट ड्रायव्हर", "ब्राउज माय कॉम्प्युटर", "लेट मी पिक". तिथे एकाच कार्डाचे दोनतीन ड्रायव्हर तारखेसकट दिसतात. सगळ्यात नवा निवडायचा मोह होतो. इथे उलटं करा, त्याच्या आधीचा निवडा. रीस्टार्ट करून बघा.

कार्ड दिसतंय, पण पिवळा त्रिकोण. कोड बघा. १० म्हणजे कार्ड सुरू होत नाही: वीज काढायचा उपाय, मग ड्रायव्हर. ४३ म्हणजे कार्डानेच बिघाड कळवलाय. ड्रायव्हर बदलून नाही गेला तर कार्ड मेलं असण्याची शक्यता मोठी. ३९ म्हणजे ड्रायव्हर लोडच झाला नाही. ड्रायव्हर फार जुना असून विंडोज सिक्युरिटीतल्या "मेमरी इंटिग्रिटी"ने तो अडवला असेल, तर मेमरी इंटिग्रिटी बंद करा असं सांगणारे पुष्कळ भेटतील. वायफायसाठी घराचं कुलूप काढू नका, नवा ड्रायव्हर शोधा.

"अदर डिव्हाइसेस"खाली नुसतं "नेटवर्क कंट्रोलर" लिहिलंय. कार्ड आहे, ड्रायव्हर नाही. हे खरं तर सगळ्यात सोपं. त्यावर डबल क्लिक, डिटेल्स, यादीतून "हार्डवेअर आयडीज". "व्हेन"नंतरचे चार आकडे-अक्षरं कंपनी सांगतात: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी म्हणजे क्वालकॉम अथेरॉस, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. त्याच्या पुढे "डेव्ह"नंतर मॉडेल येतं. हा फोटो काढून ठेवा. पुढे दुकानात गेलात तर तो दाखवला की कारागिराचा वेळ वाचतो.

काहीच दिसत नाही, वायफायही नाही आणि ब्लूटूथही नाही. लक्ष द्या: वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेक लॅपटॉपांत एकाच कार्डावर असतात. ब्लूटूथ चालू असेल तर कार्ड जागेवर आहे, त्याला वीज मिळतेय. दोन्ही एकदम गायब असतील तर मशीनला कार्ड सापडतच नाही. ड्रायव्हर शोधत बसू नका, सरळ खाली बायोसच्या (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) भागाकडे जा.

ड्रायव्हर कुठून घ्यायचा? लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर टाकून. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळी कार्डं टाकतात, म्हणून मित्राच्या "सेम टू सेम" लॅपटॉपचा ड्रायव्हर चालेलच असं नाही. इंटेलचं कार्ड असेल तर इंटेलच्या साइटवरूनही मिळतो. विंडोज ११ चा ड्रायव्हर दिलेला नसेल तर १० चा घ्या, बहुतेक वेळा बिनतक्रार बसतो. विंडोज अपडेटमध्ये "ऑप्शनल अपडेट्स"खाली ड्रायव्हरांची यादी असते, तिथेही डोकवा.

आधी नवा उतरवून डेस्कटॉपवर ठेवा, मगच जुना अनइन्स्टॉल करा. "ड्रायव्हर अपडेटर" म्हणून फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं टाकू नका. एक ड्रायव्हर मागायला जाता, ती पंधरा बदलतात आणि मग आवाज आणि टचपॅडही घेऊन लोक माझ्याकडे येतात.

पुन्हा पुन्हा तेच का होतं? विंडोजची मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते, आपल्याकडे बुधवारी पोचते. त्याच्या आगेमागे ड्रायव्हरही येऊ शकतो आणि तुम्ही कष्टाने बसवलेला जुना परत बदलला जातो. त्या आठवड्यात माझा फोन जास्त वाजतो. ड्रायव्हर जुळला की विंडोज अपडेट काही आठवडे "पॉज" करा, आणि चालणारी ड्रायव्हरची फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवा.

आणि हो, कधीकधी दोष खरंच अपडेटचा असतो. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर काही क्वालकॉम कार्डं कॉलेज आणि ऑफिसच्या वायफायला, म्हणजे युजरनेम-पासवर्ड दोन्ही मागणाऱ्या नेटवर्कला जोडली जाईनात. मायक्रोसॉफ्टने ते मान्य करून दुरुस्ती पाठवली. घरचं वायफाय मात्र तेव्हा चालत होतं. तेव्हा लॅपटॉप घरी चालतो आणि फक्त कॉलेजात अडतो असं असेल तर घरी बसून काही खोलू नका. कॉलेजच्या नेटवर्क बघणाऱ्या माणसाला गाठा.

नेटवर्क रीसेट, आणि मार्केट यार्डातली गोष्ट

प्रकार ३ आणि ४ मध्ये वरचं सगळं करून झाल्यावरच. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, ॲडव्हान्स्ड, नेटवर्क रीसेट. हे सगळी नेटवर्क कार्डं काढून परत बसवतं, सगळे आकडे मूळ जागी नेतं. घरच्या लॅपटॉपला उत्तम. पण साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात, व्हीपीएन जातो, आणि हाताने टाकलेले आयपी जातात.

मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानात भाच्याने व्हिडिओ बघून हे बटण दाबलं. वायफाय आलं. पण त्या कॉम्प्युटरला टॅलीसाठी पक्का आयपी दिलेला होता, तो गेला. बाकीच्या दोन कॉम्प्युटरना टॅलीचा डेटा सापडेना, पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या पावतीचा, प्रिंटर गप्प. बाहेर कांद्याच्या गाड्या लागलेल्या, आत मालक हाताने पट्ट्या लिहितोय. आकड्यांचा एक फोटो असता तर पाच मिनिटांचं काम होतं. आम्हाला नेटवर्कच्या वहीतून, प्रिंटरच्या पानावरून आकडे गोळा करत बसावं लागलं. म्हणून वर सांगितलं, फोटो काढा.

दहा दिवसांचं दार

अपग्रेड करून दहा दिवस झाले नसतील तर सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे "गो बॅक" असतं. जुनं विंडोज फायलींसकट परत येतं. अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअरं मात्र जातात, आणि बॅकअप आधी घ्याच. दहा दिवसांनंतर, किंवा जागा मोकळी करायला कुणी "विंडोज डॉट ओल्ड" फोल्डर पुसलं असेल तर, हे दार बंद होतं.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधला सुरक्षेचा भाग) लागतो आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. त्याहून जुन्या मशीनवर अटी चुकवून ११ टाकलेलं असेल आणि वायफाय रुसलं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: मागे जा. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते, त्यासाठी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवावं लागतं. तेवढ्या काळात नवीन मशीनचे पैसे जमवा.

बायोस: इथून पुढे विचार करून

प्रकार १ मध्ये वायफाय-ब्लूटूथ दोन्ही गायब असतील तर बायोसमध्ये "वायरलेस" बंद तर नाही ना, एवढं बघायला हरकत नाही. बघा, चालू करा, सेव्ह करून बाहेर या.

बायोस अपडेट मात्र वेगळं प्रकरण. विंडोज ११ च्या कित्येक लॅपटॉपांवर डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) असते आणि मालकाला ते माहीतही नसतं. बायोस बदलला की मशीन ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागू शकतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आधी तिथे जाऊन ती दिसते का बघा, कागदावर उतरवा. ते अकाउंट कुणी दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने उघडून दिलं असेल तर आत्ताच थांबा. आणि आपल्याकडे दुपारी लाइट कधी जाईल सांगता येत नाही. बॅटरी गेलेल्या लॅपटॉपवर बायोस अपडेट करायचाच नाही. अर्ध्यात वीज गेली तर वायफायचा प्रश्न उरत नाही, लॅपटॉपच उरत नाही.

आता थांबा, कारागिराकडे द्या

कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये कुठेच नाही. कोड ४३ जात नाही. रिकव्हरी कीचा निळा पडदा आला. मशीन वॉरंटीत आहे. ऑफिसचं मशीन आहे. यातलं काहीही असेल तर हात आवरा. वॉरंटीतला लॅपटॉप बाहेर उघडू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या.

प्रकार ६ हाही उघडायचाच विषय, आणि त्यात अपग्रेडचा दोष जवळजवळ कधीच नसतो. आठवून बघा: विंडोज ११ करताना एसएसडी किंवा रॅमही टाकली का? वायफाय कार्डावर दोन बारीक तारा असतात, बहुधा एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी, टोकाला ज्वारीच्या दाण्याहून लहान पितळी टोपी. त्या पडद्याच्या कडेतल्या अँटेनाकडे जातात. एसएसडी बसवताना हात लागला की टोपी निसटते. कार्ड चालू राहतं, ड्रायव्हर ठीक दिसतो, पण सिग्नल राउटरशेजारीच. ज्याने एसएसडी टाकली त्याच्याकडेच परत जा आणि "अँटेनाची तार बघा" असं नाव घेऊन सांगा. स्वतः दाबू नका, तिरपी दाबली की ती टोपी कायमची चेपते. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यात वापरायचा लॅपटॉप असेल तर सुताचे तंतू पंख्यात भरून गरम होणं हा वेगळा आजार आहे. उघडलाच आहे तर साफ करून घ्या.

कार्ड खरंच गेलं असेल तर दोन वाटा. नवं कार्ड टाकताना जुन्या काही लॅपटॉपांचा बायोस अनोळखी कार्ड दिसलं की मशीन सुरूच होऊ देत नाही, आणि इंटेलची काही कार्डं विशिष्ट प्रोसेसरबरोबरच चालतात. दुकानदाराने "चालेल की" म्हटलं तरी लावून, चालवून दाखवल्यावर पैसे द्या. पाचसात वर्षांच्या मशीनला मी सहसा यूएसबीचा वायफाय डोंगलच सुचवतो. ५ गिगाहर्ट्‌झ पकडणारा घ्या, नुसता २.४ चा स्वस्त पडतो पण अपार्टमेंटमध्ये शेजाऱ्यांच्या गर्दीत रखडतो. बिल घ्या, आणि विंडोज ११ वर चालतो हे खोक्यावर लिहिलेलं वाचून घ्या.

दुकानात येताना चार्जर आणा, विंडोजचा पिन सांगायची तयारी ठेवा, आणि सुरुवातीला लिहिलेला तो लक्षणाचा कागद व हार्डवेअर आयडीचा फोटो दाखवा. समोरच्याने ते न बघताच "फॉरमॅट मारावा लागेल" म्हटलं तर लॅपटॉप बॅगेत घाला आणि पुढच्या दुकानात जा.